‘म्युझियम’ पाहून बाहेर पडलेल्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारचा खेळ सुटला आणि जिन्यातच गर्दी अडली. निम्मे लोक भांडायच्या पवित्र्यात होते, उरलेल्यांना आधी पाणी हवं होतं. पुढे फोनवर, चहाच्या टपरीवर, एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच प्रश्न फिरून फिरून आले, म्हणून नागपूरच्या आमच्या फिल्म सोसायटीतर्फे हे एकदाचं लिहून काढलं. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. शेवटाबद्दलही एक प्रश्न आहे. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी तेवढा गाळून वाचावा.

कोणता सिनेमा होता हा? पोस्टरवरचं नाव वाचताच आलं नाही.

कॉन्स्तांतिन लोपुशान्स्की या सोव्हिएत दिग्दर्शकाचा, १९८९ सालचा. इंग्रजीत तो ‘व्हिजिटर ऑफ अ म्युझियम’ या नावानं ओळखला जातो. आम्ही आपसात नुसतं ‘म्युझियम’ म्हणतो. लांबी सव्वादोन तासांच्या आसपास. त्याच वर्षी मॉस्को आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला रौप्य सेंट जॉर्ज मिळालं, शिवाय निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या संयुक्त ज्युरीचंही पारितोषिक मिळालं. हे दुसरं पारितोषिक लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

गोष्ट काय होती, एकदा सरळ सांगा ना.

निसर्ग पार नासून गेलेला आहे. जमीन म्हणजे क्षितिजापर्यंत कचऱ्याचे ढीग. जन्माला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण शरीरानं किंवा बुद्धीनं अधू. त्यांना ‘बिघडलेले’ ठरवून वेगळ्या राखीव वस्त्यांत ठेवलं आहे. देवाधर्माचं जे काही उरलं आहे ते त्यांच्याकडेच. बाकीची ‘धड’ माणसं असल्या गोष्टींतून केव्हाच मोकळी झाली आहेत.

अशा प्रदेशात एक माणूस पर्यटक म्हणून येतो. समुद्राखाली गेलेल्या एका शहरात म्युझियमचे अवशेष आहेत आणि वर्षातून एकदा, मोठ्या ओहोटीच्या दिवसांत, तिथवर चालत जाता येतं. ओहोटीची वाट पाहत तो किनाऱ्यावरच्या एका घरात उतरतो. घरमालक त्याला समजावतात की हा नाद सोड, पाणी परत येतं आणि लोक बुडतात. वस्तीतल्या लोकांना मात्र वाटू लागतं की हाच तो, आपली मागणी देवाच्या कानावर घालणारा. एवढीच गोष्ट आहे. ज्यांना वाटलं की मधलं काहीतरी सुटलं, त्यांचं काही सुटलेलं नाही.

लाल लाल काय होतं ते सगळं? प्रोजेक्टर बिघडला होता का?

नाही. प्रोजेक्टर ठीक होता, सिनेमाच लाल आहे. बराच भाग अशा उजेडात घेतला आहे की सकाळ आहे की संध्याकाळ हे कळू नये. मागच्या रांगेतल्या एकानं मध्येच ऑपरेटरला हाक मारून “रंग दुरुस्त करा जी” म्हटलं, त्यांनी कृपया पहिली पंधरा मिनिटं परत आठवून पाहावी. रंग तिथूनच तसे आहेत.

ओहोटीचं काही समजलं नाही. आमच्याकडे समुद्रच नाही.

हा प्रश्न इतक्यांनी विचारला की पुढच्या वेळी खेळाआधीच सांगू. भरती-ओहोटी खऱ्या समुद्रात रोजची गोष्ट आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिचा पल्ला वाढतो. वर्षातून एकदाच वाट उघडण्याचा नियम सिनेमाचा स्वतःचा आहे. मुंबईला हाजी अलीला गेलेल्यांना कल्पना येईल: भरती आली की दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते आणि सगळ्यांना थांबावं लागतं. इथे तेच, फक्त थांबायचं वर्षभर.

समुद्र नसला तरी बुडालेली गावं आपल्याला नवीन नाहीत. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, म्हणजे या सिनेमाच्या एकच वर्ष आधीचं. वैनगंगेकाठची कितीतरी गावं त्या पाण्यात गेली. तिकडे उजनीच्या फुगवट्यात पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि लोक होडीनं दर्शनाला जातात. आमच्या प्रेक्षकांत भंडाऱ्याकडचे एक गृहस्थ होते, ज्यांचं जुनं गाव धरणात गेलं आहे. त्यांना ओहोटीचा अर्थ विचारावा लागला नाही.

काहून एवढा हळू आहे जी? एक माणूस चालून राह्यला, चालून राह्यला, अन् आपण पाहून राह्यलो.

हळू आहेच, नाही म्हणत नाही. पण या दिग्दर्शकाचं शिक्षण आधी संगीतातलं आहे, तो व्हायोलिन शिकलेला. त्यामुळे प्रसंगाची लांबी तो घटनेवरून ठरवत नाही, आवाजावरून ठरवतो असं मला वाटतं. वारा, आगीची धडधड, लांबून येणारा सामूहिक टाहो, हे चढत जातं आणि एका जागी तुटतं. डोळ्यांपेक्षा कानांनी पाहिला तर वेळ वेगळा जातो. हॉलमधल्या कूलरनं त्यातलं निम्मं खाऊन टाकलं, हे मान्य.

तरीही मधला अर्धा तास छाटता आला असता असं माझं मत आहे. सोसायटीत यावर एकमत नाही.

आम्ही मध्येच उठून गेलो. राग आला का?

अजिबात नाही. फक्त जाताना दार हळू लावा.

म्युझियमच का? देऊळ किंवा चर्च का नाही?

या सिनेमातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे, म्हणून जरा लांबवतो.

लोपुशान्स्की जन्मानं नाही, पण कामानं लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा. त्या शहराच्या भर मुख्य रस्त्यावर काझान कॅथेड्रल आहे, मोठ्या अर्धवर्तुळाकार खांबरांगेचं. क्रांतीनंतर ते बंद झालं आणि १९३२ साली तिथे ‘धर्म आणि निरीश्वरवादाच्या इतिहासाचं म्युझियम’ उघडलं. सेंट आयझॅकचं कॅथेड्रलही त्याच सुमारास म्युझियम झालं. मॉस्कोतलं ख्राईस्ट द सेव्हियर तर १९३१ मध्ये सुरुंग लावून पाडलं. म्हणजे त्या शहरात वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांसाठी प्रार्थनेची जागा तिकीट काढून बघायची जागा झाली होती. घंटा काचेत, मूर्तिचित्रं भिंतीवर, खाली माहितीची पाटी.

मग त्या शहरातला माणूस सिनेमा काढतो, ज्यात लोकांना देवापर्यंत पोचायचं आहे आणि त्यांची वाट म्युझियमकडे जाते. तिथल्या प्रेक्षकाला हे कोडं वाटलं नसणार. १९८८ मध्ये रशियात ख्रिस्ती धर्म आल्याला एक हजार वर्षं झाली म्हणून सरकारच्या परवानगीनं मोठा सोहळा झाला, बंद चर्चं हळूहळू उघडू लागली. सिनेमा त्या गडबडीत तयार झालेला आहे.

आपल्याकडे गोष्ट उलटी. मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून आहे, आपण त्याला अजब बंगला म्हणतो, शाळेच्या सहलीत एकदा जातो आणि मग थेट मुलांना घेऊन जातो. पण तिथल्या जुन्या दगडी मूर्तीपुढे कुणीतरी हात जोडून उभं असलेलं तुम्हीही पाहिलं असेल. पहारेकरी काही बोलत नाही.

हा देवाधर्माचा सिनेमा आहे का देवाधर्मावर टीका?

खेळानंतर दोन गृहस्थ एकाच वेळी माझ्याकडे आले. एकाच्या मते आम्ही ख्रिस्ती प्रचार दाखवला, दुसऱ्याच्या मते कम्युनिस्ट प्रचार. दोघांची ओळख करून दिली आणि मी बाजूला झालो.

टीका आहे असं म्हणणाऱ्यांनी चर्चच्या ज्युरीनं दिलेलं पारितोषिक आठवावं. प्रचार आहे म्हणणाऱ्यांनी हे आठवावं की सव्वादोन तासांत देव एकदाही उत्तर देत नाही. देव आहे की नाही यात सिनेमाला रस आहे असं मला वाटत नाही. प्रार्थना कुणाकडे उरली आहे, याकडे तो बघतो. आणि ती उरली आहे फक्त टाकून दिलेल्यांकडे. धड माणसांनी श्रद्धा सोडली, ठीक आहे, तो त्यांचा निर्णय; पण तिच्या जागी काय आणलं? जेवण, पेय, गप्पा आणि घट्ट लावलेलं दार.

बरं, त्या वस्तीतल्या लोकांची मागणी काय? अन्न नको, औषध नको, नोकरी नको. “आम्हाला इथून बाहेर सोड.” बस्स. टेकडी गणपतीला परीक्षेच्या निकालासाठी अकरा मंगळवार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटतं, कारण यात नवस नाही, देवाणघेवाण नाही. बाहेर म्हणजे कुठून? कचऱ्यातून, शरीरातून, की या जगातूनच? कुणी खुलासा करत नाही. आपल्या संतांनीही विठ्ठलाशी कडाक्याचं भांडण केलं आहे, त्याला दारात उभं करून जाब विचारला आहे. पण त्या भांडणात समोर कुणीतरी विटेवर उभा आहे याची खात्री असते. इथे ती खात्री नाही आणि ओरडणं मात्र तेवढंच मोठं.

आता अस्वस्थ का वाटतं ते सांगतो. दिग्दर्शक बराच वेळ आपल्याला त्या लोकांबरोबर बसवत नाही. तो आपल्याला किनाऱ्यावरच्या घरात बसवतो, यजमानांच्या शेजारी. बाहेरून टाहो येतो, आतल्यांना त्याची सवय आहे. खेळ चालू असताना पुढच्या रांगेतल्या एक बाई वैतागून म्हणाल्या, “आवाज थोडा कमी करा ना.” त्यांचं चुकलं असं नाही, आवाज खरंच मोठा होता. पण सिनेमातले यजमानही याहून वेगळं काही बोलले नसते.

आपल्या मारबतीसारखंच आहे ना हे?

प्रश्न एका बारावीतल्या मुलीनं विचारला आणि हॉलमधलं वातावरण एकदम बदललं, कारण सगळ्यांना बोलायला काहीतरी मिळालं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, एखादा रोग, एखादा पुढारी. “ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत” अशी आरोळी देत मिरवणूक फिरते आणि शेवटी पुतळे जाळतात. परंपरा एकोणिसाव्या शतकातली.

साम्य आहे. आग, गर्दी, आरोळी, संध्याकाळपर्यंत घोगरे झालेले घसे. फरक पाहण्यासारखा आहे. मारबतीत आपण जागेवर राहतो आणि पीडेला बाहेर जायला सांगतो. सिनेमात पीडा जागेवर बसली आहे आणि माणसं बाहेर जायची परवानगी मागत आहेत. मारबतीत थट्टा आहे, शिव्या आहेत, पोरं नाचतात. गाव स्वतःच्या ताकदीवर खूश असतं. त्या वस्तीत थट्टा नावालाही नाही. मला विचाराल तर सिनेमात सगळ्यात जास्त कमी पडलं ते हेच. गांजलेली माणसं इतका वेळ न हसता राहू शकत नाहीत.

या सिनेमात एक गाडगेबाबा पाहिजे होते.

हा प्रश्न नव्हे, पण एका निवृत्त गुरुजींनी तो इतक्या ठासून म्हटला की उत्तर द्यायलाच हवं.

गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १८७६ ते १९५६. गावात शिरले की आधी खराटा, मग कीर्तन; दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री लोकांना विचारायचं, देव कुठं आहे? गुरुजींचा मुद्दा असा की पडद्यावर डोंगराएवढा कचरा आहे आणि सव्वादोन तासांत कुणी खाली वाकून काही उचलत नाही. सगळे वर बघत ओरडतात.

आक्षेप पक्का आहे. सुटका वरून यावी ही अपेक्षा त्या सिनेमाच्या मुळाशीच आहे. विदर्भात वाढलेल्या माणसाला ती खटकणार, कारण आपल्याकडे संतानंच झाडू हातात घेतलेला आहे. पण गुरुजींना मी एवढंच विचारलं की भांडेवाडीला शेवटचे केव्हा गेला होतात. बाबांच्या नावाचं विद्यापीठ झालं, ग्रामस्वच्छता अभियान झालं, तरी नागपूरचा कचरा कित्येक वर्षं तिथेच जाऊन पडला आणि उन्हाळ्यात त्या ढिगांना आगी लागत आल्या. त्या बाजूला राहणाऱ्यांना खिडक्या लावून घेण्याची वेगळी शिकवण लागत नाही. कोराडीला तर एका बाजूला जगदंबेचं मंदिर आणि लगतच वीज केंद्राच्या चिमण्या, नवरात्रात रांगेत उभं राहिलं की दोन्हींचं दर्शन होतं. गुरुजी म्हणाले, “ते खरं आहे, पण तरी एक माणूस तरी वाकायला पाहिजे होता.” मी त्यांच्या बाजूनं आहे.

आम्ही प्रार्थनेनं सुटका होते असं मानतच नाही. मग आम्हाला यात काय?

लष्करीबागेतल्या एका तरुणानं विचारलं, आणि त्या दिवशीचा सगळ्यात धारदार मुद्दा त्याचाच होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात बाबासाहेबांबरोबर लाखो माणसं जुन्या धर्मातून बाहेर पडली. त्यांनी “आम्हाला बाहेर सोड” असं कुणाला म्हटलं नाही, ती चालत बाहेर आली. सिनेमातल्या लोकांपुढे मात्र सुटकेचा तो मार्गच नाही. तारणहार येईल आणि त्यांच्या वतीनं बोलेल, एवढंच त्यांच्या हातात आहे. तो म्हणाला, “त्यांना तारणहार नको होता, त्यांना पुढारी पाहिजे होता.”

पण त्यानंच पुढे जे सांगितलं ते मी आजवर या सिनेमाबद्दल कुणाकडून ऐकलं नव्हतं. वेगळी वस्ती, गावापासून अंतरावर. घरातल्या चाकरीला त्यांचीच माणसं, रात्री मात्र दार बंद. त्यांच्या देवाची टिंगल, त्यांच्या आवाजाची भीती. “हे काही भविष्यातलं नाही,” तो म्हणाला, “आमच्या आजोबांचं गाव असंच होतं.” लेनिनग्राडच्या दिग्दर्शकाला गावकुसाबाहेरची वस्ती माहीत असण्याचं कारण नाही. नागपूरच्या प्रेक्षकाला ती दिसल्यावाचून राहत नाही.

अधू माणसांना असं दाखवणं योग्य आहे का?

खेळाला एक पालक होते ज्यांची मुलगी मतिमंद मुलांच्या शाळेत शिकते. ते शेवटपर्यंत बसले आणि नंतर शांतपणे म्हणाले की माझी मुलगी कुणाच्या पापाची खूण नाही आणि कुणाच्या मोक्षाची किल्लीही नाही. सिनेमा या दोन्ही गोष्टी करतो. जगाच्या नाशाचा पुरावा म्हणून त्यांना उभं करतो आणि मग पवित्र म्हणून डोक्यावर घेतो. साधं माणूस म्हणून त्यांच्यातल्या एखाद्याला दोन वाक्यं बोलायची सवड क्वचितच मिळते. सिनेमा १९८९ चा आहे असं सांगून हे झटकता येणार नाही. आवडत्या सिनेमातही अशी जागा असते, आणि ती प्रेक्षकानंच दाखवावी लागते.

नायक शेवटी वेडा होतो का? (शेवट इथे उघड होतो)

शेवटी तो एकटा उजाड कचऱ्याच्या मैदानात किंचाळत चालत राहतो. बराच वेळ. त्याची मागणी पोचली की नाही हे सांगितलेलं नाही. “पाणी आलं तेव्हाच तो मेला, हे नंतरचं आहे” असं एक मत. “त्याला उत्तर मिळालं आणि ते सहन झालं नाही” असं दुसरं. मला दुसरं पटतं, पण पुरावा मागू नका.

वेडाबद्दल थोडं. रशियन परंपरेत ‘युरोदिवी’ म्हणून एक प्रकार आहे: देवासाठी वेडा झालेला, चिंध्या घालणारा, राजालाही तोंडावर बोलणारा. मॉस्कोच्या लाल चौकातलं रंगीत घुमटांचं प्रसिद्ध चर्च लोक ज्याच्या नावानं ओळखतात तो वसिली असाच होता. नायकाचा प्रवास पर्यटकाकडून युरोदिवीकडे जातो, असं तिकडचा प्रेक्षक सहज म्हणेल.

आपल्याला यासाठी मॉस्कोला जायची गरज नाही. ताजुद्दीन बाबा कामठीचे. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या पागलखान्यात घातलं, आणि लोक दर्शनाला पागलखान्यातच जाऊ लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून आपल्याकडे आणलं. शेगावला गजानन महाराज १८७८ साली पहिल्यांदा दिसले ते उकिरड्यावर टाकलेल्या पत्रावळींतली शितं वेचताना. वेडा कोण आणि महाराज कोण, हे ठरवायला या भागानं नेहमीच थोडा वेळ घेतलेला आहे. म्हणून शेवटच्या दृश्यात “पागल झाला बे” असं मागून कुणीतरी ओरडलं, तेव्हा शेजारच्या आजींनी त्याला “असं म्हणू नये” म्हणून दटावलं, त्याचं मला नवल वाटलं नाही.

काही लोक हसत होते. हसायचा सिनेमा आहे का?

नाही. पण भीती वाटली की पोरं हसतात, त्यांना कुणी गप्प करू नये.

हे चेर्नोबिलवर आहे का?

थेट नाही. चेर्नोबिलची दुर्घटना २६ एप्रिल १९८६ ची, त्यामुळे १९८९ च्या प्रत्येक सोव्हिएत प्रेक्षकाच्या मनात ती असणार. पण या सिनेमातलं जग बॉम्बनं किंवा अणुभट्टीनं संपलेलं नाही, ते सावकाश नासलेलं आहे. मला यात अरल समुद्र जास्त दिसतो. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी १९६० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर शेतीकडे वळवलं आणि समुद्र मागे हटत गेला, मासेमारीच्या बोटी वाळूत उभ्या राहिल्या. कुठल्या पिकासाठी? कापसासाठी. हे वाक्य विदर्भात उच्चारलं की हॉलमधले झोपलेलेही जागे होतात.

तर्कोव्हस्कीची नक्कल आहे म्हणतात.

तर्कोव्हस्की म्हणजे नावाजलेला सोव्हिएत दिग्दर्शक. लोपुशान्स्कीनं ‘स्टॉकर’च्या वेळी त्याच्या हाताखाली काम केलं होतं, तो सिनेमा १९७९ चा. गुरूची छाप आहे: लांब दृश्यं, पाणी, गाभाऱ्याकडे चाललेला प्रवास. पण गुरूच्या उजाड प्रदेशात गवत आहे, हिरवळ आहे, माणूस तिच्यात आडवा पडून विसावतो. शिष्याकडे गवताची काडी नाही. शिष्य गुरूपेक्षा कडू निघाला, एवढं नक्की.

मुलांना आणू का?

दहावीच्या आतल्यांना नको. अश्लील काही नाही, मारामारी फारशी नाही, पण किंकाळ्या रात्री आठवतात. आमच्यातल्या मोठ्यांनाही आठवल्या.

मराठी उपशीर्षकं का नाहीत?

कारण ती करायला माणसं लागतात आणि आमच्याकडे उत्साह आहे. इंग्रजी उपशीर्षकं होती, सोबत मराठीतला एक पानाचा गोषवारा वाटला होता. त्यातली बरीच पानं पंख्यासारखी वापरली गेली. सिनेमात संवाद कमी आहेत, त्यामुळे मदतीला दोघं-तिघं मिळाले तर काम होण्यासारखं आहे. ज्यांना जमेल त्यांनी खेळानंतर टेबलाशी नाव द्यावं. रशियन येत नसलं तरी चालेल, मराठी चांगलं हवं.

पुढच्या वेळी काही हलकंफुलकं दाखवाल का?

नाही. पुढचा सिनेमा याच दिग्दर्शकाचा ‘लेटर्स फ्रॉम अ डेड मॅन’, १९८६ चा. अणुयुद्धानंतर एका म्युझियमच्या तळघरात लपून राहिलेला म्हातारा शास्त्रज्ञ आपल्या मुलाला पत्रं लिहितो. मुलगा ती वाचेल अशी काही आशा नाही. पटकथेत लोपुशान्स्की आणि व्याचेस्लाव रिबाकोव्ह यांच्याबरोबर विज्ञानकथालेखक बोरिस स्त्रुगात्स्की आहेत, प्रमुख भूमिकेत रोलान बीकोव्ह. हा जवळजवळ सगळा तांबूस-पिवळ्या रंगात आहे, तेव्हा ऑपरेटरला हाका मारू नयेत. तळघरात म्युझियमची माणसं आहेत, शिवाय बेवारस मुलं आहेत, आणि एक ख्रिसमसचं झाड आहे जे हाताला लागेल त्यातून केलेलं आहे. ‘म्युझियम’पेक्षा हा सोपा जातो असं माझं मत; काही जण दोन्ही पाहून उलट म्हणतात.

खेळ सकाळी साडेनऊला. तर्री पोहे आधी खाऊन या, मध्यंतर नाही.